व्हेनिसचा हिवाळा कोणाचा?

दिवसापुरते येऊन संध्याकाळी परतणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेण्याचा प्रयोग व्हेनिस नगरपालिकेने २५ एप्रिल २०२४ रोजी सुरू केला. पहिल्या वर्षी २९ दिवस पाच युरो घेतले गेले. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यास दर दुप्पट लागू लागला. जित्याजागत्या शहरात तिकीट काढून शिरायचे, ही कल्पना जगभर चर्चेचा आणि थट्टेचा विषय झाली. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे पडली. शुल्काचे हे सारे दिवस एप्रिल ते जुलै या काळातले होते; हिवाळ्यात दार सताड उघडे होते. उन्हाळ्यातला पाहुणा भार आणि हिवाळ्यातला पाहुणा हवासा, असे गृहीतक या वेळापत्रकात दडलेले आहे. ते तपासून पाहण्याजोगे आहे.

गृहीतक अगदीच निराधार नाही. शहराला दिवसाला किती पाहुणे पेलतील याचे गणित तेथील का फोस्कारी विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच मांडले होते. उत्तर सुमारे एकवीस हजार आले. उन्हाळ्यातील गर्दी ही मर्यादा कधीच ओलांडून गेली आहे. उलट ६ जानेवारीचा सण आटोपला की कार्निव्हलपर्यंतचे आठवडे ओसाड जातात. हॉटेलाचा बहुतेक खर्च खोली भरो वा रिकामी राहो, ठरलेलाच असतो. रिकाम्या खोलीत एक पाहुणा आला तर वाढणारा खर्च चादर धुण्याचा आणि न्याहारीचा. म्हणून हंगामात जे हॉटेल मान वर करून बोलत नाही, तेच जानेवारीत घासाघीस ऐकून घेते.

एकट्या प्रवाशाला हे विशेष उपकारक ठरते. खोलीचा दर दोघांच्या हिशेबाने लावलेला असतो आणि एकटा माणूस न झोपलेल्या दुसऱ्या माणसाचेही पैसे भरतो. भर हंगामात हॉटेलवाल्याचे यात चुकते असे म्हणता येत नाही; एकट्याला खोली दिली की एक गिऱ्हाईक खरोखरच हातचे जाते. जानेवारीत ते दुसरे गिऱ्हाईक मुळात अस्तित्वातच नसते. एकट्याने हिवाळ्यात युरोपातील शहर पाहण्याची हौस काव्यात्म वाटते खरी, पण तिच्यामागे असा रोकडा हिशेबही आहे.

काव्यही अर्थात आहे. रशियातून हद्दपार झालेला कवी जोसेफ ब्रॉडस्की अमेरिकेत प्राध्यापकी करी आणि १९७२ पासून बहुतेक दरवर्षी हिवाळ्याच्या सुटीत व्हेनिस गाठी. उन्हाळ्यातील व्हेनिस त्याला नको असे. धुके, गारठा आणि निर्मनुष्य गल्ल्या यांसाठीच तो तेथे जाई. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे निधन झाले. दफन व्हेनिसच्या सान मिकेले बेटावर झाले. असा पाहुणा कोणत्या गावाला नकोसा होईल? तो चार रात्री राहतो, पायी हिंडतो, रांगा वाढवीत नाही आणि स्थानिक खानावळीत दोन वेळा जेवतो. शिदोरी बांधून येणाऱ्या आणि चार वाजता आगगाडीने परतणाऱ्या घोळक्यापेक्षा तो गावाला अधिक देतो आणि कमी त्रास देतो, यात शंका नाही.

खरी अडचण पुढे आहे. हा सुजाण पाहुणा झोपतो कोठे? ब्रॉडस्कीच्या सुरुवातीच्या काळात उत्तर सोपे होते: हॉटेलात, खाणावळवजा निवासात किंवा ओळखीच्या घरी. आज तो बहुधा एखाद्या सदनिकेत झोपतो आणि त्या सदनिकेत काही वर्षांपूर्वी एक कुटुंब राहत असते.

घरमालकाच्या बाजूने विचार केला तर चित्र स्पष्ट होते. पर्यटक सहाच महिने येत असतील, तर उरलेल्या सहा महिन्यांच्या रिकामेपणाचा विचार करता बारमाही भाडेकरू त्याला परवडतो, निदान तुलनेत तरी टिकतो. पण जानेवारीही भरू लागला की भाडेकरूची बाजू पूर्णपणे पडते. पर्यटन वर्षभर विभागून द्यावे, म्हणजे गर्दी ओसरेल, हा जगातील यच्चयावत पर्यटन खात्यांचा लाडका उपाय आहे. व्हेनिसमध्ये त्याचा दुसरा अर्थ असा की रस्त्यावरची गर्दी कमी होईल आणि घरेही कमी होतील.

हिवाळा भरून काढण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. प्रजासत्ताक १७९७ मध्ये कोसळल्यावर लोप पावलेला कार्निव्हल १९७९-८०च्या सुमारास पुन्हा थाटात सुरू झाला आणि फेब्रुवारी शांत राहिला नाही. राहता राहिला उधाणाचा धाक. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या मुखांवरील ७८ जलद्वारे उचलून मोठी भरती अडविली जाते. रहिवाशांना हा मोठाच दिलासा आहे. पण हिवाळ्यात पर्यटकाला दूर ठेवणारे एक कारणही त्याबरोबर सौम्य झाले.

जुन्या शहराची वस्ती १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती पन्नास हजारांखाली गेली. रिआल्तो पुलानजीकच्या एका औषधांच्या दुकानाने २००८ पासून काचेमागे लोकसंख्येचा आकडाच लावून ठेवला आहे. २०२३ मध्ये पर्यटकांच्या खाटा रहिवाशांहून अधिक झाल्याचे तेथील नागरिक गटांनी दाखवून दिले. शहरात काम करणारे आणि शिकणारे अनेक जण पूल ओलांडून मेस्त्रेहून रोज ये-जा करतात.

प्रवेशशुल्काने यात काय साधते? पहिल्या वर्षी त्यातून सुमारे २४ लाख युरो जमले. पण मुक्कामी पाहुण्यास शुल्क माफ आहे. (त्याच्याकडून निवास-कर घेतला जातो, हे खरे.) म्हणजे दिवसाच्या गर्दीस लावलेला लगाम रात्रीच्या खाटेला सूट देऊन जातो. घरे पर्यटकांना देण्यावर मर्यादा घालण्याचा खास अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ मध्ये व्हेनिसला दिला होता. शुल्क सुरू होईपर्यंत तरी नगरपालिकेने तो वापरला नव्हता. कारण उघड आहे: शुल्क परक्याच्या खिशातून येते, मर्यादा मात्र मतदार घरमालकाच्या उत्पन्नावर येते.

रहिवासी आणि पाहुणा यांत भेद करणे व्यवहारात अशक्य आहे, असेही म्हणता येणार नाही. कालव्यांतून चालणाऱ्या वापोरेत्तो या सार्वजनिक बोटीचे साधे तिकीट २०२३ पासून पाहुण्याला साडेनऊ युरोंना पडू लागले. सवलतपत्र बाळगणाऱ्या रहिवाशाला दीड युरो पुरत असे. बोटीच्या धक्क्यावर जो भेद सहज अमलात येतो, तो घराच्या उंबऱ्यावर आणायचा की नाही, एवढाच प्रश्न नगरपालिकेपुढे आहे आणि तो जानेवारीतही तितकाच लागू आहे.