जुनी होडी दुरुस्त करताय? मग रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

यंदा भंगारातून घेतलेली जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि तिचा गाडा मी कामाला लावलाय. उजनीच्या फुगवट्यालगत पंपाकडं जायला, जाळं टाकायला होडी लागतेच. आमच्याकडं लाकडी, पत्र्याच्या, फायबरच्या जास्त, ही जरा वेगळी. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "रंग कुठला देणार?" माझं मत स्पष्ट आहे: हा प्रश्न सगळ्यात शेवटचा.

पहिला प्रश्न, पाणी कुठून शिरतं? होडी जमिनीवर भक्कम ठोकळ्यांवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा आणि खालून बघा. जिथं थेंब पडेल तिथं खडूनं खूण करा. ढिला रिव्हेट असेल तर आतून एकानं घण टेकवायचा, बाहेरून दुसऱ्यानं ठोकायचं. पत्र्यालाच चीर असेल तर गावातल्या साध्या वेल्डिंगचं ते काम नाही. आर्गॉनवर अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कारागीर गाठा.

दुसरा प्रश्न, पत्रा कशानं खाल्ला? अ‍ॅल्युमिनियमला साधा लोखंडी बोल्ट मारला आणि ओल राहिली की बोल्टाभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो. स्टेनलेसचे बोल्ट घ्या, खाली नायलॉनचा वायसर टाका. आपल्या शेतकऱ्यांसाठी खास गोष्ट: मोरचूद, बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड या होडीतून नेऊ नका. तांबं अ‍ॅल्युमिनियमचा वैरी आहे. चुन्याचं पाणीही पत्रा खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. होडी पाण्यानं भरली तर तरंगेल का? 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. आम्ही फुगवट्याकडची माणसं ते विसरलेलो नाही. होडी कितीही चांगली असली तरी वारा कुणाला विचारून येत नाही.

हिशोब सोपा आहे. 100 किलोची अ‍ॅल्युमिनियमची होडी पाण्याखाली गेली की साधारण 63 किलोनं खाली ओढते. 30 किलोचं इंजिन आणखी 25 धरा. झाले 88. एक लिटर बंद हवा जवळपास एक किलो उचलते. म्हणजे घट्ट झाकणाचे, रिकामे 20 लिटरचे सात कॅन बाकांखाली आणि दोन्ही कडांना पक्के बांधले, तर होडी तळाला जात नाही. वर 50 किलोच्या आसपास आधार उरतो, तो पाण्यात धरून राहणाऱ्या माणसांसाठी पुष्कळ झाला. कॅन तळाला टाकू नका, कडेला वरच्या अंगाला बांधा, नाहीतर भरलेली होडी उलटी होते. थर्माकोल वापरणार असाल तर पेट्रोलपासून लांब ठेवा, ते विरघळतं. आणि कॅन म्हणजे लाईफ जॅकेट नव्हे. ते माणशी एक हवंच.

गाड्याकडं तर कुणी बघतच नाही. रस्त्यानं आलेला तापलेला हब थेट गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मग बेअरिंग गंजतं, आणि चाक निघतं ते नेमकं रस्त्यात. काठावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, हब निवू द्या. बाहेर काढल्यावर नवं ग्रीस भरा. चाक उचलून हातानं हलवून बघा, खडखड आली की बेअरिंग बदला. मागं रिफ्लेक्टर लावा, अंधारात गाडा कुणाला दिसत नाही.

एवढं झालं की मग रंग. तोही अ‍ॅल्युमिनियमला धरणाऱ्या प्रायमरवर. रेड ऑक्साईड लोखंडासाठी आहे, इथं नको.

काही जण म्हणतील, जुन्यावर एवढा खर्च कशाला? बरोबर आहे, तळ जागोजागी चाळणी झाला असेल तर भंगारातच घाला. पण तळ शाबूत असेल तर पैसा आधी बोल्ट, कॅन, जॅकेट आणि बेअरिंगवर घाला. रंग पुढच्या सुगीला दिला तरी चालतो. घरी परत येणं पुढं ढकलता येत नाही.