ठाणेदारांची गोष्ट फॉरवर्ड करण्याआधी

काल ग्रुपवर परत तोच मेसेज आला. बेळगावचा गरीब मुलगा अमेरिकेत खासदार झाला. आणि खाली तात्पर्य: 'जिद्द असेल तर परिस्थिती आड येत नाही.' पाठवणारे कोण, तर आपल्याच सीमाभागातले एक शिक्षणसंस्थाचालक! म्हणून आज लिहितोय.

श्री ठाणेदारांची गोष्ट खरीच आहे. जन्म १९५५ चा, चिकोडीचा. वाढले बेळगावात. वडिलांची नोकरी संपली आणि मोठ्या कुटुंबाची ओढाताण सुरू झाली. तरी अठराव्या वर्षी बी.एस्सी., मग मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. १९७९ साली अमेरिका, १९८२ साली अॅक्रन विद्यापीठाची पीएचडी. १९९१ मध्ये कर्ज काढून एक छोटी प्रयोगशाळा विकत घेतली, वाढवली. २०१० मध्ये बँकेनं धंदा ताब्यात घेतला, तेव्हा दुसरी कंपनी काढली. २०२३ पासून मिशिगनचे खासदार. त्यांचं तिथलं राजकारण पटो न पटो, कष्टाला सलाम.

पण नुसती जिद्द? जरा पायऱ्या मोजूया.

घरात पैसा नसताना मुलगा एम.एस्सी. झाला, कारण तेव्हा सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांची फी गरिबाला झेपायची. अॅक्रन हेसुद्धा ओहायो राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ. अमेरिकेचं दार तेव्हा उघडं होतं. परदेशातून आलेल्या माणसाला धंद्यासाठी कर्ज मिळालं, आणि आपटल्यावर परत उभं राहायला जागाही मिळाली. जिद्द त्यांची, पायऱ्या दुसऱ्यांनी बांधलेल्या. दोन्ही लागतं राव!

आता आमच्याकडं या. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतोय. आमच्या विभागात मंजूर जागा चार, कायम प्राध्यापक एक. बाकी आम्ही तासावर. सुट्टी लागली की पगार बंद, आणि बिल निघायला कधी कधी सहा महिने. प्रयोगशाळेत रसायनं संपली की 'डेमो' दाखवून मोकळे.

गेल्या वर्षी वर्गात पहिली आलेली मुलगी. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. एम.एस्सी.ला नंबर लागला, पण फी, खोली, मेस यांचा हिशेब काही जुळेना. शिष्यवृत्ती मिळते हो, पण नंतर. आधी भरायचे कुठून? 'सर, एक वर्ष गॅप घेते,' म्हणाली. आज पुण्यात एका गोदामात पॅकिंग करते. या गॅपमधून परत आलेली पोरं मी फार थोडी पाहिलीत.

तिच्यात काय जिद्द कमी होती? रोज बारा किलोमीटर एसटीनं यायची, आणि एसटी चुकली तर चालत.

अमेरिकेचं दार आपल्या हातात नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. त्यावर आपण काय करणार? पण ठाणेदारांच्या वाटेवरची पहिली पायरी इथलीच होती, आणि ती आज आपल्याच डोळ्यांदेखत ढासळतेय. त्यावर कोण बोलतं?

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी असा मेसेज आला की टाळ्यांच्या इमोजीबरोबर दोन प्रश्न टाका: आपल्या कॉलेजात किती जागा रिकाम्या आहेत? आणि शिष्यवृत्ती प्रवेशाच्या दिवशीच का मिळत नाही? मतं मागायला येणाऱ्यांनाही हेच विचारा.

संस्थाचालक साहेब, तुम्हीही जिद्द दाखवा की. आमच्या जागा भरा.