वाघ पडद्यावर, शेतकरी बांधावर

2020 च्या टाळेबंदीत जंगलांची प्रवेशद्वारे बंद झाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतून थेट प्रक्षेपित होणारी सफारी अनेकांनी मोबाईलवर पाहिली. घरबसल्या जंगल पाहून मनाला खरोखर बरे वाटते का?

विज्ञानाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदींची तुलना केली. खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या 2020 मधील प्रयोगात समुद्राखालच्या निसर्गाची दृश्ये पाहून कंटाळा आणि उदासी कमी झाल्याचे आढळले. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वृद्ध व्यक्तींसाठी हा दिलासा मोठाच आहे.

पण झरी जामणी तालुक्यात वाघ पाहायला मोबाईल लागत नाही. टिपेश्वर अभयारण्य शेजारीच आहे. ओलितासाठी किंवा जागलीसाठी रात्री शेतात जाणाऱ्याला वाघ म्हणजे जिवाची धास्ती. एप्रिल 2021 मध्ये याच तालुक्यातील मुकुटबन वनपरिक्षेत्रात एका गाभण वाघिणीला गुहेत मारले गेले. तिचे पंजेही तोडलेले आढळले. म्हणजे जीव दोघांचाही टांगणीला आहे.

टिपेश्वरच्याच एका तरुण वाघाला 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. तो तेलंगणाच्या हद्दीतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाघाची वाट शेतशिवारातूनच जाते, हे त्याच्या प्रवासाने दाखवले. जंगल दाखवणारे तंत्रज्ञान जीव वाचवायलाही वापरता येते. ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे वाघ दिसताच सूचना देतात. मुकुटबन परिसरातल्या गावांनाही अशी व्यवस्था हवी. तिच्या जोडीला दिवसा वीज मिळाली, तर रात्री शेतात जाण्याची वेळच कमी येईल.

मात्र एक पथ्य पाळायला हवे. सूचना गावापुरतीच राहावी. वाघाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकले, तर ते शिकाऱ्यांच्याही हाती लागते.

पडद्यावरचे जंगल जरूर पाहावे, मन हलके होते. पण त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला रात्री निर्धास्त झोप लागावी, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.