मुका साक्षीदार निवडताना

दोन वर्षांपूर्वी वैशाखात एक लग्नकार्य आटोपून आम्ही धुळ्याहून इंदूरला परतत होतो. शिरपूर मागे पडले आणि बिजासनचा घाट सुरू झाला. चढावर अवजड वाहनांची रांग खोळंबली होती. आमच्यापुढे सिमेंटच्या गोण्यांनी लादलेला एक टेम्पो होता. रांग हलली, पण टेम्पो पुढे सरकण्याऐवजी मागे आला आणि आमच्या बॉनेटवर आदळला. चालक खाली उतरला व चार माणसांदेखत म्हणाला, ‘मोटारीनेच मागून ठोकले.’ मागच्याने पुढच्याला धडकावे हा नेहमीचा क्रम असल्याने जमलेल्यांना त्याचेच म्हणणे पटले. मला मात्र काळजी नव्हती. आरशामागे आमचा कॅमेरा होता.

होता, एवढेच. मोबाइल जोडून पाहिले तर शेवटचे चित्रण फेब्रुवारीतले! मेमरी कार्ड केव्हाच निकामी झाले होते. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा मात्र इमानेइतबारे लुकलुकत होता. टेम्पोवाल्याला भरपाई रोख दिली, आमच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा दावा केला आणि पाच वर्षे एकही दावा न करता मिळवलेली ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ची सवलत गमावली.

त्यानंतर पुढचा व मागचा असा नवा जोड घेताना जे पाहिले-शिकले, त्यावरून माझे एक ठाम मत बनले आहे. आपण हा कॅमेरा दूरचित्रवाणी संच घ्यावा तसा घेतो. चित्र किती सुबक, यावर भुलतो. वास्तविक आपण एक साक्षीदार नेमत असतो, आणि साक्षीदाराचा पहिला गुण म्हणजे हजर असणे.

‘वायरलेस’ या शब्दापासूनच सुरुवात करू. बहुतेक जोडांत बिनतारी असतो तो केवळ कॅमेरा आणि मोबाइल यांमधील संबंध. वाय-फायवरून चित्रण फोनवर उतरवता येते, इतकाच त्याचा अर्थ. कॅमेऱ्याला वीज तारेनेच मिळते आणि मागचा कॅमेराही बहुधा छताच्या अस्तराआडून नेलेल्या तारेनेच पुढच्याला जोडलेला असतो. मागचा कॅमेरा खरोखरच बिनतारी, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असेल, तर तो वेळोवेळी उतरवून चार्ज करावा लागतो. घरातील कोण हे नेमाने करणार, याचे प्रामाणिक उत्तर आधी द्यावे. मी तारेचाच घेतला. शिवाय या वाय-फायचा मूळ पासवर्ड पुष्कळदा १२३४५६७८ असाच असतो. एटीएमचा पिन जपणाऱ्या माणसाने तो पहिल्याच दिवशी बदलावा.

आपल्याकडील खरा शत्रू ऊन. नागपूर असो, इंदूर असो की हैदराबाद, मे महिन्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत पुढच्या काचेलगत भट्टी पेटलेली असते. या जागी लिथियम बॅटरी फुगते. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. वीज गेल्यावर चालू फाइल नीट बंद करण्यापुरतीच शक्ती त्यात असते, पण उष्णता तो कितीतरी अधिक सोसतो. विक्रेता आपण होऊन हे सांगत नाही, विचारावे लागते.

कार्डाचे माझे अज्ञान तर अक्षम्य होते. पुढचा कॅमेरा ‘फोर-के’ आणि मागचा ‘फुल एचडी’ असेल तर तासाला साधारण १५ ते २० जीबी चित्रण साठते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन-चार तासांत भरते, आणि जुने पुसून त्यावरच नवे लिहिले जाते. वर्षभर असे घासल्यावर फोनमधले साधे कार्ड दगा देणार नाही तर काय! सतत लेखनासाठी ‘हाय एंड्युरन्स’ कार्डे मिळतात. थोडी महाग, पण घ्यावीत.

रात्रीच्या चित्रणाविषयी फार अपेक्षा ठेवू नयेत. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली. ती प्रकाश परावर्तित करणारी असल्याने आपल्याच दिव्यांच्या झोतात पांढरीफटक दिसते. ‘एचडीआर’ सोय असलेला चांगल्या सेन्सरचा ‘टू-के’ कॅमेरा इथे सुमार ‘फोर-के’पेक्षा अधिक कामाचा ठरतो.

उभ्या गाडीवर पहारा ठेवणारी ‘पार्किंग मोड’ची सोय मोहक खरी, पण हिशेब करून पाहा. तीन वॅट खर्च करणारा कॅमेरा १२ व्होल्टच्या बॅटरीतून पाव अँपिअर घेतो. दोन दिवसांत १२ अँपिअर-तास. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर तिचा तिसरा हिस्सा संपला! व्होल्टेज ठराविक पातळीखाली जाताच वीज तोडणारे जोडसंच मिळतात. त्यांच्यावाचून ही सोय वापरू नये. जोडणीही मूळ तारा न कापता फ्यूज बॉक्समधून करून घ्यावी, म्हणजे गाडीच्या वॉरंटीवर वाद उद्भवत नाही.

आता साक्षीचा मुद्दा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणाची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नमूद करावे लागते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र होतेच. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात, उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हा प्रश्न कॅमेऱ्याच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून सादर केल्यास मात्र ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. यावरून मी घरात नियम केला: अपघात घडल्यास कार्ड काढून पाकिटात ठेवायचे, दुसरे घालायचे, आणि चित्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवण्याचा उत्साह आवरायचा. कॅमेऱ्यातील घड्याळही बरोबर हवे. जीपीएस असल्यास ते आपोआप लागते.

मात्र जीपीएसबरोबर वेगही नोंदला जातो, आणि हा साक्षीदार कोणाच्या बाजूचा नसतो. चिरंजीवांचे म्हणणे, वेगाची नोंद बंद ठेवावी. आपल्या चुकीचा पुरावा आपणच का बाळगावा, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. आपल्याला सोयीचे तेवढेच टिपणारा कॅमेरा दुसऱ्यांनी का मानावा? वेगाची नोंद आमच्याकडे चालूच आहे. आवाजाचे ध्वनिमुद्रण मात्र मी बंद ठेवले. प्रवासातील घरगुती बोलण्याला साक्षीदार नको, यावर सौभाग्यवतींचे आणि माझे एकमत झाले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चित्रण तपासण्याचे काम आता अकरा वर्षांच्या नातवाकडे आहे. गेल्या खेपेस त्याने बातमी आणली, ‘‘आजोबा, पलासिया चौकात दिवा लाल झाला होता, तरी तुम्ही गेलात.’’ पिवळा होता, असे म्हणायचे ओठांवर आले होते. पण फोन त्याच्या हातात होता.