आधी पाणी, मग होडी

इंदूरच्या माणसाने शिडाची होडी घ्यायची इच्छा बोलून दाखवली, तर ऐकणारा बहुधा हसेल. सराफ्यात खावे, राजवाड्यावर फिरावे, होडी कशाला? आम्हा गोमंतकीयांना तर दर्या म्हणजे आपली वडिलोपार्जित जहागीरच वाटते. पण शिडाला खारेच पाणी लागते, असे कुणी सांगितले? देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याआधी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत होशंगाबादच्या हर्षिता तोमरने कांस्य आणले होते. दोघीही समुद्रापासून शेकडो मैल दूरच्या!

तेव्हा प्रश्न समुद्राचा नाही, आणि पैशाचाही वाटतो तितका नाही. प्रश्न क्रमाचा आहे. हौशी माणूस आधी होडी घेतो आणि मग ती सोडायची कुठे ते शोधतो. माझ्या मते आधी पाणी पाहावे, मग शिकावे आणि सगळ्यात शेवटी होडी घ्यावी.

इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहेत. तिथे पहिला हक्क पक्ष्यांचा. इतर जलाशयही कुठल्या ना कुठल्या खात्याच्या ताब्यात असतात. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत होडीवर रुपयाही घालू नये. तोवर एखाद्या क्लबात शिकून घ्यावे. उलटलेली होडी आपली आपण सरळ करता आली, की पहिली परीक्षा पास!

आता होडी. नवशिक्याने मोठ्या, केबिनवाल्या होडीच्या नादी लागू नये. लहान मुलासाठी ‘ऑप्टिमिस्ट’ पुरे. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखलेली ही होडी मुळात प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून व्हावी अशीच होती. मोठ्या माणसासाठी पूर्वी ‘लेझर’ म्हणत ती ‘इल्का’ बरी. लांबी ४.२३ मीटर, सांगाडा साधारण ६० किलोचा, दोघांना सहज उचलता येणारा. एकाच सांगाड्यावर ४.७, ५.७ आणि ७.०६ चौरस मीटरची शिडे चढतात. हात बसेल तसे शीड वाढवायचे, होडी तीच.

ती जुनीच घ्यावी. तळावर बोटांनी ठोकून पाहावे. आवाज मध्येच बद्द झाला किंवा अंगठ्याखाली दबले, तर पुढे बोलणी नकोत. डोलकाठी जिथे बसते तो खड्डा आणि सुकाणूच्या बिजागऱ्या तपासाव्यात, पाणी प्यायली आहे का ते वजन करून बघावे. आणि सगळे पैसे सांगाड्यात घालू नयेत. एक तृतीयांश तरी दोर, शीड, ढकलगाडी आणि चांगले लाइफ जॅकेट यांसाठी राखावेत.

तरीही परवडत नसेल तर? चौघांनी मिळून घ्यावी. आमच्याकडे रापण ओढायला अख्खा वाडा लागतो आणि मासळीचे वाटे होतात. रविवारचे वाटे करायला काय हरकत आहे? एकट्याची होडी बहुधा अंगणात पडून वाळते. चौघांची असली की कुणीतरी ती पाण्यात नेतोच.

हे मी गोव्यातून लिहितो याची मला थोडी खंत आहे. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती आमच्या दिवाडी बेटावर बांधलेली. पण मासेमारीच्या होड्यांना इंजिने आली आणि आमच्या किती घरांतून शिडाची विद्या निघून गेली! शेजारी समुद्र असून आम्ही ती विसरलो. मध्य प्रदेशातल्या मुली तलावावर ती शिकल्या. विद्या शेवटी शिकणाऱ्याचीच, किनाऱ्याची नव्हे. इंदूरकरांनी खुशाल होडी घ्यावी, फक्त शेवटी घ्यावी.