पिशवी आणि पत्ता

बीडचं नाव निघालं की लोक हमखास 'पिशवी'बद्दल विचारतात. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात. २०१९ साली हा विषय पेपरांत गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत अख्ख्या राज्याचं प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं.

सगळा राग डॉक्टरांवर निघाला. निघायलाच हवा होता. अंगावरून पाणी जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालणारे होतेच. पण मला विचाराल तर ही गोष्ट पावसापासून सुरू होते. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पाटोदा, शिरूर, धारूरच्या वाट्याला माळरान येतं. मग दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाड कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जाणार, मग पाळी असो की ताप. डोक्यावर उसाची मोळी, राहायला कोपी, संडास नाही, धुवायला पाणी नाही. बाई हिशेब करते... दर महिन्याचे खाडे परवडतील की एकदाचं ऑपरेशन?

आणि आपली सरकारी आरोग्यसेवा चालते गावाच्या यादीवर. आशाताई गावात, उपकेंद्र गावात, बाई मात्र पाच-सहा महिने फडात. फडाजवळच्या गावाच्या यादीत तिचं नाव बहुतेक नसतंच. दुखणं सुरू होतं तेव्हा ती कुणाचीच नसते. परत येते तेव्हा ते जुनं झालेलं असतं.

गाजावाजा झाल्यावर बीडमध्ये खासगी दवाखान्यांनी या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम आला. चांगलंच झालं. पण परवानगी बीडात आणि दुखणं कोल्हापुरात, याला काय करणार?

कोणती टोळी कुठल्या फडात उतरलीय हे कारखान्याला पक्कं ठाऊक असतं (उसाच्या वजनाची नोंद कशी चोख असते!). मग गाळप सुरू होतानाच कोप्यांची यादी तिथल्या आशाताईकडे का जाऊ नये? पाण्याचा टँकर, फिरते संडास कारखान्याने फडापर्यंत न्यावेत. पाळीच्या दोन दिवसांचा खाडा कापू नये. यातलं बहुतेक काम बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही. ते जिथे ऊस उभा आहे तिथल्यांनी करायचं आहे.