एका इंग्रजी अक्षराची किंमत

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावातून संगणक घ्यायचा झाला, तर बहुतेकांची पावले नंदुरबारच्या दुकानांकडे किंवा रेल्वेने थेट सुरतेकडे वळतात. मुलाला खेळांसाठी वेगवान यंत्र हवे असते. वडिलांचे म्हणणे असे, की त्याच यंत्रावर दुकानाचे हिशेबही व्हावेत. दुकानदार दोन प्रोसेसर पुढे ठेवतो. दोन्हींची नावे सारखीच, पण एकाच्या शेवटी 'के' हे अक्षर असते आणि किंमत बरीच जास्त असते. 'पुढे वेग वाढवता येईल,' असे तो सांगतो. ही रक्कम बहुधा मोडलेल्या ठेवीतून किंवा हप्त्यांतून उभी राहायची असते, त्यामुळे या एका अक्षराचा अर्थ आधी समजून घेणे इष्ट.

कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा प्रोसेसर अधिक गतीने चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 'के' अक्षर असेल तर गतीचे कुलूप उघडे आहे, असे समजावे. या छंदाला एके काळी खरोखरच मोल होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली, की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकदा ४५० वर बिनतक्रार चाले. पन्नास टक्के जादा काम विनामूल्य! ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती पसरली ती अशा दिवसांत.

आज तो नफा कारखानाच आधी काढून घेतो. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय-५ १२४०० या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरची मूळ गती २.५ गिगाहर्ट्झ आहे, परंतु काम पडताच तो स्वतःहून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तापमान आणि वीजपुरवठा पाहून गती वर-खाली करण्याचे काम प्रोसेसर स्वतःच अखंड करीत असतो. अनुभव नसलेल्या माणसाने त्यावर हाताने मिळवायचे, ते फार तर चार-सहा टक्के. खेळताना पडद्यावर तो फरक जाणवतही नाही.

त्या चार-सहा टक्क्यांचा खर्च मात्र ताळेबंदात स्पष्ट दिसतो. प्रोसेसर खात असलेली वीज गतीच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती दहा टक्के वाढविली आणि ती टिकावी म्हणून दाबही दहा टक्के वाढविला, तर विजेचा वापर सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. ती सारी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पंख्याखालच्या खोलीतही हवा तापलेली असते. प्रोसेसर थंड करायचा तो याच हवेने. तापमान नव्वद ते शंभर अंशांच्या घरात गेले, की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी गती उतरवितो. म्हणजे पैसे देऊन वाढविलेली गती उन्हाळ्यात परत जाते. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सर्वसाधारण वॉरंटीत बसत नाही.

'के'चा खर्च त्या एका प्रोसेसरवर थांबत नाही. तो वापरून ओव्हरक्लॉकिंग करायचे तर 'झेड' मालिकेचा महागडा मदरबोर्ड लागतो. 'के' प्रोसेसरच्या खोक्यात पंखा नसतो, तोही वेगळा घ्यावा लागतो. १२४०० च्या किंवा एएमडीच्या रायझेन ५ ५६०० च्या खोक्यात तो मिळतो. रायझेन मालिकेतील बहुतेक प्रोसेसर मुळातच खुले असतात, म्हणून तेथे खुलेपणासाठी जादा पैसे मोजण्याचा प्रश्न सहसा येत नाही. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉट वर्गातील असून त्यांना साधा 'बी' मालिकेचा बोर्ड पुरेसा असतो.

दुसरे अक्षर 'एफ'. अशा इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत चित्रव्यवस्था नसते. किंमत थोडी कमी पडते, परंतु ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले तर पडदा काळाच राहतो आणि त्याबरोबर दुकानाचे हिशेबही थांबतात. ज्या घरात एकच संगणक आहे, तेथे ही बचत शहाणपणाची नव्हे.

खेळाचा वेग केवळ गिगाहर्ट्झवर ठरत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा एएमडीनेच २०२२ मध्ये दिला. रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरची कमाल गती ४.५ गिगाहर्ट्झ होती, त्याच्या भावंडाची, म्हणजे ५८००एक्सची, ४.७. तरीही खेळांत बहुधा तोच पुढे राही, कारण त्याच्याजवळ ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट कॅश होती. जिन्नस गोदामातून आणण्याऐवजी गल्ल्याशेजारच्या फळीवरच असावा, तसा हा प्रकार. विशेष म्हणजे या प्रोसेसरच्या गतीला कारखान्याने कुलूप घातले होते.

जाता जाता आणखी एक गोष्ट. इंटेलच्या १९९३ च्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढे एएमडीच्या १९९७ च्या के६ प्रोसेसरमागेही तेच होते. तेव्हा कोणता पक्ष आपला, हा वाद मराठी घरात तरी फारसा ताणण्यासारखा नाही.

महाग आणि वेगवान म्हणजे निर्धोक, असेही नाही. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, सुधारित मायक्रोकोड दिला आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. या पिढ्यांतील जुना प्रोसेसर कोणी स्वस्तात देऊ केला, तर बायोस वेळेवर अद्ययावत केले होते का, हे विचारून घ्यावे.

'के' टाळून वाचलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवावी, कारण पडद्यावरील चित्राचा मुख्य भार तेच वाहते. थोडी रक्कम खात्रीच्या पॉवर सप्लायसाठी आणि यूपीएससाठी राखावी. मेमरीची पट्टी एकच न घेता दोन घ्याव्यात आणि तिच्यावर छापलेली गती बायोसमध्ये चालू करून देण्यास दुकानदारालाच सांगावे. अनेकदा ती बंदच राहते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातील घ्यावा आणि जीएसटीच्या पावतीवर त्याचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, लिहून घ्यावे.